तासाला दोनशे पादचारी

पालकसभेला ऐकायला जायचं असतं, एवढं साधं व्यवहारज्ञान त्या शनिवारी माझ्यापाशी नव्हतं. मुख्याध्यापिकाबाई फाटकासमोरच्या गाड्यांबद्दल बोलत होत्या. एकेका मुलाला सोडायला एकेक गाडी येते, गाड्यांच्या फटीतून मुलं वाट काढतात, आणि एक दिवस काहीतरी होऊन बसेल, असं त्या कळकळीने सांगत होत्या. बाकीचे पालक शहाण्यासारखे खाली मान घालून बसले होते. मी तिसरीच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन कसाबसा मावलो होतो, तरी मला हात वर करायची बुद्धी झाली.

मी विम्याच्या कचेरीत दावे तपासतो. कुणाचा दावा खरा आणि कुणाचा बनावट, हे ओळखण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, त्यामुळे आकड्यांवाचून मला बोलताच येत नाही. मी उठून सांगितलं की माझं घर शाळेपासून सातशे मीटरवर आहे, मुलीला मी स्कूटरवरून आणतो, स्कूटर बाहेर काढण्यापासून फाटकाशी जागा मिळेपर्यंत अठरा मिनिटं जातात, आणि हेच अंतर पायी बरोबर नऊ मिनिटांचं आहे. सभेत कौतुकाची कुजबुज झाली. ती मला आवडली, हे कबूल करतो.

"मग चालत का नाही आणत?" बाईंनी विचारलं.

मी याचं उत्तर आकड्यांत शोधू लागलो.

"असं करू," बाई म्हणाल्या. "तुमच्या बाजूची जेवढी मुलं आहेत, तेवढ्यांना सोमवारपासून तुम्हीच चालत घेऊन या. नऊ मिनिटांचाच तर प्रश्न आहे."

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठी टाळी आमच्याच इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरांची होती. ते आपल्या मुलाला याच सातशे मीटरसाठी इतक्या मोठ्या गाडीतून आणतात की मागच्या काचेतून मुलगा दिसतही नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, "उचलली जीभ, लावली टाळ्याला." पुन्हा जीभ उचलायची मला भीती वाटली.

आता लेकीविषयी सांगायला हवं. ती तिसरीत आहे आणि या शाळेत याच वर्षी आली. 'वर्गात कुणाशीही बोलत नाही' असं तिच्या प्रगतिपुस्तकात दोनदा लिहून आलं होतं. आधी घरी तरी बोलायची, मग तेही कमी होत गेलं. स्कूटरवर ती माझ्या पाठीला गाल टेकून बसायची. मी विचारायचो, "आज काय आहे शाळेत?" ती म्हणायची, "काही नाही." हेल्मेटमुळे पुढचं ऐकू आलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालत असे.

सोमवारी माझ्या रांगेत दोन मुलं होती. एक माझी आणि दुसरी तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशींची. ही दुसरी लेकीच्याच वर्गात आहे. तिला अख्खी इमारत रेडिओ म्हणते, कारण तिला बंद करायचं बटण अजून कुणाला सापडलेलं नाही. सोमवारी रेडिओ नऊ मिनिटं बोलली. मंगळवारीही नऊ मिनिटं बोलली. बुधवारी ती सांगत होती की गोगलगायीला हजारो दात असतात, आणि तेव्हा माझी लेक म्हणाली, "खोटं."

एवढंच. पण मी मागून चालत होतो आणि मला ते स्पष्ट ऐकू आलं. शुक्रवारपर्यंत दोघींचं त्या दातांवरून कडाक्याचं भांडण जुंपलं होतं आणि माझी लेक एका दमात चार-चार वाक्यं बोलत होती. मी विम्याचा माणूस, सहसा भावनेच्या आहारी जात नाही. पण त्या शुक्रवारी कचेरीत मी तीन दावे न तपासता मंजूर केले.

दुसऱ्या आठवड्यात मुलं नऊ झाली आणि सल्लागार त्याहून जास्त. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं की एवढी मुलं मोकळी नेणं अशास्त्रीय आहे. त्यांनी एक लांब दोरी आणली, तिला पाऊण-पाऊण मीटरवर गाठी मारल्या, आणि एका गाठीला एक मूल असा हिशेब बसवून दिला. गाठीला अंक होते. मीही भारावून गेलो, कारण आकडे दिसले की माझी विवेकबुद्धी रजेवर जाते.

दोरी पहिल्या विजेच्या खांबापर्यंत उत्तम चालली. खांबापाशी पहिली चार मुलं डावीकडून गेली आणि मागची पाच उजवीकडून. दोरी खांबाला लागली. पुढच्यांनी ओढली, मागच्यांनीही ओढली, आणि कुणी गाठ सोडेना, कारण 'काहीही झालं तरी गाठ सोडायची नाही' अशी शपथ मीच त्यांना घातली होती. मग पुढची चार वळून मागे आली, पण दुसऱ्या बाजूने. पाच मिनिटांत नऊच्या नऊ मुलं खांबाभोवती गुंडाळली गेली आणि मी बाहेरून टोक शोधत फिरत होतो. ऑफिसला जाणारे लोक थांबून बघत होते. एका गृहस्थांनी मला विचारलं की हा खेळ कुठल्या वयापासून खेळता येतो. इंजिनिअरसाहेबांना संध्याकाळी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दोरीचं काही चुकलं नाही. खांब चुकीच्या जागी आहे." त्यानंतर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

हे सगळं सोसलं असतं, पण घोडं अडलं शाळेसमोरच्या रस्त्यावर. रस्ता रुंद, गाड्या भरधाव, आणि ओलांडायला पांढरे पट्टे नाहीत. हल्ली सासूबाई आमच्याकडेच असतात. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "पुढच्या चौकात सिग्नल आहे की. तिथून न्या."

"तिथून वळसा घेतला तर सतरा मिनिटं होतील," मी म्हणालो. "मी सभेत नऊ सांगितली आहेत."

"सभा काय घड्याळ घेऊन येणार आहे तुमच्यामागे?"

सासूबाईंना तत्त्वाचं महत्त्व समजत नाही, असं मानून मी विषय सोडला. त्यांनी मात्र राग न धरता मला जुन्या पडद्याचं एक लाल निशाण शिवून दिलं. ते घेऊन मी रोज रस्त्याच्या मधोमध उभा राही आणि मुलं पलीकडे जात. चार दिवस ठीक गेले. पाचव्या दिवशी एका ट्रकवाल्याने निशाण बघून विचारलं, "काम किती दिवस चालणार?" मला वाटलं तो उपक्रमाबद्दल विचारतोय. मी अभिमानाने सांगितलं, "वर्षभर." त्याने ट्रक तिथेच आडवा घालून वळवायला घेतला आणि मागच्यांना हात करून सांगितलं की रस्ता वर्षभर बंद आहे. पुढची वीस मिनिटं त्या रस्त्यावर जे झालं त्याचं वर्णन मी करणार नाही. शेवटी डॉक्टरांच्या गाडीच्या आरशात माझं निशाण अडकलं, आणि मी ते सोडायच्या आत पंधरा-वीस पावलं गाडीबरोबर धावलो. मुलांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मुख्याध्यापिकाबाई फाटकातून बघत होत्या. त्यांनी मला आत बोलावलं आणि खुर्ची दिली, यावरूनच मी समजलो.

"तुमची तळमळ दिसते," त्या म्हणाल्या. "पण हे असं मला चालणार नाही. महिनाअखेरपर्यंत पट्टे आले तर ठीक, नाहीतर रांग बंद. प्रत्येकाने आपलं मूल आपण आणावं. उद्या कुणाला लागलं तर मी त्या आईला काय सांगू?"

त्यांचं बरोबर होतं. दावे तपासणाऱ्या माणसाला हे दुसऱ्याने सांगावं लागलं, याची मला लाज वाटली. पण रांग बंद म्हणजे पुन्हा स्कूटर, पुन्हा पाठीवरचा तो गाल, आणि पुन्हा "काही नाही." लेकीला मी घरी सांगितलं की बाबा पट्टे आणणार आहे. तिने विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, "नक्की." सव्वीस वर्षं ज्या शब्दावर मी लोकांचे अर्ज परत पाठवले, तोच शब्द मी वापरून बसलो.

पालिकेच्या वाहतूक विभागात एक साहेब होते. त्यांच्या टेबलावर फायलींचे दोन ढीग होते आणि मधल्या फटीतून ते माणसांकडे बघत. त्यांनी माझा अर्ज पूर्ण वाचला, हे मात्र सांगितलं पाहिजे. आजकाल एवढंही कोण करतं.

"पट्टे मारायला नियम आहे," ते म्हणाले. "त्या जागी तासाला निदान दोनशे पादचारी रस्ता ओलांडत असले पाहिजेत. किती ओलांडतात?"

"तसं कुणीच नाही. आमची नऊ मुलं."

"मग पट्टे कुणासाठी?"

"पट्टे नाहीत म्हणून कुणी ओलांडत नाही साहेब. पट्टे आले की ओलांडतील."

"ओलांडायला लागले की या. आपण लगेच मारू."

मी तोच अर्ज त्या फटीतून पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. ते रागावले नाहीत की हसलेही नाहीत. शेवटी त्यांनाच माझी दया आली असावी. ते म्हणाले, "मोजणीला माणूस पाठवतो. गुरुवारी सकाळी सात ते आठ. जे असेल ते मोजेल."

त्या संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत इमारतीची सभा भरली. दोनशे माणसं कुठून आणायची? सासूबाई म्हणाल्या, "दोनशे माणसं कशाला? वीस माणसं दहादा गेली की झालं." बायकोने माझ्याकडे बघून विचारलं, "अहो, हे बसतं का तुमच्या नियमात?" अशाच चलाखीसाठी मी आजवर लोकांचे दावे फेटाळले होते. एकाच मोडक्या पायाचे फोटो तीन बाजूंनी काढून तीन दावे करणारा गृहस्थ मीच पकडला होता. आता त्याची बाजू मला पहिल्यांदाच समजू लागली.

इंजिनिअरसाहेब दोरीचा राग विसरून लगेच वेळापत्रक आखायला बसले. खरी कमाल म्हणजे डॉक्टर आले. त्यांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आहे आणि रोज दहा हजार पावलं झाल्याशिवाय ते घड्याळ त्यांना सुखाने बसू देत नाही. "मुलांना चालवण्याच्या मी विरोधातच आहे, थकतात बिचारी," ते म्हणाले. "पण मला पावलं हवीतच." तत्त्वाशी ठाम राहून मदत करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

गुरुवारी सातला पाच कमी असताना मोजणीचा माणूस आला. शाळेसमोर त्याने घडीची खुर्ची मांडली, हातात दाबायचं यंत्र घेतलं आणि समोर बघू लागला. आम्ही निघालो. वाहनं अजून तुरळक होती, आणि इंजिनिअरसाहेब हातातला रुमाल खाली-वर करून आम्हाला सोडत होते. मी जाताना वर्तमानपत्र घेऊन गेलो, येताना ते घडी करून खिशात घातलं. शिवणकामाच्या मावशी कापडाचा गठ्ठा घेऊन गेल्या, तोच परत घेऊन आल्या. डॉक्टर हात हलवत तरातरा जात होते आणि दर फेरीला मनगटाकडे बघत होते. सासूबाईंनी चार शाली आणल्या होत्या. दर दोन फेऱ्यांनी पलीकडच्या झाडामागे जाऊन त्या शाल बदलत आणि चालही बदलत. लाल शालीत त्या लंगडत होत्या.

साडेसातपर्यंत सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललं. मग शेजारच्या बागेत फिरायला आलेल्या लोकांनी गर्दी पाहिली. इतकी माणसं पलीकडे जातायत म्हणजे तिकडे काहीतरी असणार, असं वाटून ते पलीकडे आले. पलीकडे काही नव्हतं. तेवढ्यात आम्ही अलीकडे निघालो होतो, म्हणून तेही अलीकडे आले. कुणीतरी म्हणालं, फुकट आरोग्यतपासणी आहे. ती कुठल्या बाजूला आहे यावर दोन मतं पडली, आणि दोन्ही मतांचे लोक रस्ता ओलांडत राहिले. मी "बस झालं, बस झालं" असं पुटपुटत फिरत होतो. पण मी थांबायला सांगितलं असतं तर मोजणीवाल्याला संशय आला असता, म्हणून मलाही ओलांडत राहावं लागलं.

आठ वाजता मी भीतभीत खुर्चीपाशी गेलो आणि त्याला चहाला विचारलं.

"चहा तुम्ही घ्या," तो म्हणाला. "तुम्ही एकतीस वेळा गेलात. दमला असाल."

चोराच्या मनात चांदणं. मी खिशातलं वर्तमानपत्र आणखी आत ढकललं.

"त्या आजी बावीस वेळा. चार शालींत. तांबडी शाल असली की पाय दुखायचा त्यांचा."

"मग आता?"

"आता काय? मोजणं माझं काम. ओळखणं माझं काम नाही." त्याने यंत्र माझ्यापुढे धरलं. त्यावर चारशे बारा आकडा होता.

आम्ही जग जिंकल्यासारखे घरी आलो. दोनशे मागितले होते, त्याच्या दुपटीहून जास्त दिले. लेकीला मी तो आकडा कागदावर लिहून दाखवला. तिने तो मुठीत धरला आणि रेडिओला दाखवायला धावत खाली गेली. त्या दिवशी खालून दोघींचे आवाज येत होते, आणि कुठला कुणाचा हे मला पहिल्यांदाच ओळखता आलं नाही.

चार दिवसांनी पालिकेचं पत्र आलं. त्यातली भाषा मी जशीच्या तशी देतो. 'सदर ठिकाणी पादचाऱ्यांची संख्या अत्यधिक आढळली असून त्यांत ज्येष्ठ नागरिक, त्यांपैकी एक लंगडणारी महिला, कोणतेही दृश्य कारण नसताना वारंवार रस्ता ओलांडत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब त्यांच्या जीविताच्या रक्षणार्थ सदर रस्त्यास दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा बसविण्यास तातडीने मंजुरी देण्यात येत आहे.'

तातडीने म्हणजे किती, हे मला माहीत होतं. या देशात, किंवा कुठल्याही देशात, पालिकेची तातडी पिढ्यान्‌पिढ्या चालते. पण मी पत्र घेऊन तिथे पोहोचेपर्यंत कठडा बसवून झाला होता. पिवळा-काळा, छातीएवढा उंच, शाळेच्या अलीकडून थेट चौकातल्या सिग्नलपर्यंत, दोन्ही अंगांनी. रंग ओला होता. तो माझ्या बाहीला लागला.

मी तसाच पालिकेत गेलो. साहेबांनी फटीतून माझ्याकडे पाहिलं. "दोनशेला पट्टे," ते म्हणाले. "चारशेच्या वर गेलं की कठडा. तुम्ही दोनशेवर थांबायला हवं होतं."

"हे तुम्ही आधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही म्हणालात, कुणीच ओलांडत नाही."

घरी सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अति तिथे माती." आणि पत्रातला लंगडणाऱ्या महिलेचा उल्लेख पुन्हा वाचायला मागितला. बायकोने माझी बाही रॉकेलने पुसायला घेतली. लेक जमिनीवर चित्र काढत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. चित्रातून डोकं न काढता तिने विचारलं, "म्हणजे उद्यापासून स्कूटर?"

"बघू," मी म्हणालो.

तिने पुढे काही विचारलं नाही. दोन महिन्यांपूर्वी ती अशीच काही विचारायची नाही, आणि मला तेव्हा ते इतकं लागत नव्हतं. आता फार लागलं. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो आणि स्वतःवरच चिडलो. नऊ मुलांना मी माझ्या नऊ मिनिटांच्या अब्रूसाठी भर रस्त्यातून नेत होतो, आणि माझ्याच घरातली एक बाई पहिल्या दिवसापासून सिग्नल दाखवत होती.

सकाळी मी लेकीला म्हणालो, "चल, खाली जाऊ." स्कूटरची किल्ली मी घेतली नाही. नऊच्या नऊ मुलं खाली उभी होती. आम्ही निघालो, खांब ओलांडला, रस्त्याशी आलो. समोर कठडा, पलीकडे आणखी एक कठडा, आणि त्यामागे फाटकात मुख्याध्यापिकाबाई. आज महिनाअखेर होती.

"आम्ही चौकातून येतो," मी रस्त्यापलीकडे ओरडून सांगितलं. "सिग्नलवरून. सतरा मिनिटं लागतील."

पालकसभेत ताठ मानेने सांगितलेला आकडा असा भर रस्त्यात मागे घेताना काय वाटतं, ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही. पण बाईंनी लगेच मान हलवली. "तिथे पोलीस असतो," त्या ओरडल्या. "तसं असेल तर रोज आणा." एवढ्या सोप्या होकारासाठी मी रस्त्यावर चारशे बारा फेऱ्या घडवून आणल्या होत्या.

आम्ही कठड्याच्या कडेने चालू लागलो, आणि तेव्हा रस्त्यावरचा प्रकार आमच्या लक्षात आला. गाड्या नेहमीसारख्या फाटकाशी येऊन थांबत होत्या, दारं उघडत होती, आणि दारं कठड्याला आपटत होती. मुलं उतरू शकत नव्हती. डॉक्टरांचा मुलगा फाटकापासून हातभर अंतरावर, काच खाली करून, शाळेकडे बघत बसला होता. मागून भोंगे वाजत होते. एकेक गाडी पुढे सरकून चौक पार करून गल्लीत उभी राहत होती, आणि तिथून मुलांचे हात धरून सगळे पालक पायी निघत होते. चौकात आमची नऊ मुलं सिग्नलला थांबली, तेव्हा मागे पंचवीस होती. मी मागे वळून मोजली. डॉक्टर शेवटी होते, एका हातात मुलगा, आणि दुसऱ्या हाताचं मनगट डोळ्यांसमोर.

पंधरा दिवसांत बहुतेकांच्या लक्षात आलं की गल्लीत गाडी लावून चालत येण्यापेक्षा घरूनच चालत आलेलं बरं. रांग साठाच्या वर गेली. फाटकासमोरचा रस्ता इतका मोकळा झाला की बाईंनी तिथे उभं राहून चहा घ्यायला सुरुवात केली. पुढच्या पालकसभेत त्यांनी मला उभं करून सांगितलं की यांनी दूरदृष्टीने कठडा बसवून घेतला. मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, पण टाळ्या पडल्या. गाडीवाले पालक टाळ्या वाजवत नव्हते. ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेने फक्त ज्यांचे दावे मी फेटाळतो तेच लोक बघतात. आयुष्यात एकदाच हातून मोठं काम घडलं आणि तेही चुकून, हे दुःख कुणाला सांगावं, मला समजत नाही.

वाट सतरा मिनिटांची झाल्याचा फायदा मला झाला. लेक आणि रेडिओ आता सतरा मिनिटं बोलतात. मी मागून चालत ऐकत असे. कोण कुणाच्या बाकावर बसतं, कुणी कुणाचं खोडरबर पळवलं, तिसरीचं हे सगळं राजकारण मला कळू लागलं होतं. गोगलगायीच्या दातांचा प्रश्न दोघींनी डॉक्टरांपुढे मांडला. ते म्हणाले की असा रुग्ण अजून आला नाही, आणि त्यांनी पुस्तकात बघून सांगायचं कबूल केलं. मी ऑफिसला गेल्यावरही बराच वेळ तेच आठवत बसे.

मग एका संध्याकाळी लेक माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"बाबा, तू रागावणार नाहीस ना?"

"नाही. काय झालं?"

"उद्यापासून तू नको येऊस. तू मागून आमचं ऐकतोस."

"मग मुलांकडे लक्ष कोण देणार?"

"डॉक्टरकाका असतात की मागे. ते ऐकत नाहीत. त्यांचं लक्ष घड्याळात असतं. आणि पुढे मावशी असतात. सिग्नल लाल असला की आम्ही थांबतो, आम्हाला माहितीये." एवढं बोलून तिने श्वास घेतला. "तू चिडलास?"

"नाही," मी म्हणालो. मला वाईट वाटलं होतं. बरंही वाटलं होतं, पण खरं सांगायचं तर आधी वाईटच वाटलं. एवढी सलग वाक्यं ती माझ्याशी या वर्षी पहिल्यांदाच बोलली होती, आणि ती मला घरी बसवण्यासाठी होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "डॉक्टरांना सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी मी इमारतीच्या दारात उभा राहिलो. रांग निघाली. डॉक्टर मागे होते, मावशी पुढे. लेकीने मला हात केला आणि लगेच रेडिओकडे वळली. वळणापर्यंत मला त्या दोघी दिसत होत्या. वळणाच्या पलीकडे गेल्यावरही एक आवाज थोडा वेळ येत राहिला, आणि तो रेडिओचा नव्हता. रेडिओ ऐकत होती. मी तो आवाज पुरता विरेपर्यंत तिथेच थांबलो आणि मग जिना चढून वर आलो.

सासूबाई दारात उभ्या होत्या.

"गेली?"

"गेली."

"बोलत होती?"

"बोलत होती."

"मग या आत," त्या म्हणाल्या. "चहा ठेवलाय."